नकाशावर माहितीचा फलक : सीएसएसची रचना कशी काम करते?

बंगळुरू : सप्टेंबर २०२२ च्या प्रारंभी झालेल्या अतिवृष्टीत बंगळुरूचा बाह्य वर्तुळाकार मार्ग आणि बेळंदूर परिसर जलमय झाला. अशा वेळी घराबाहेर पडणाऱ्याला आपल्या वाटेवर पाणी आहे का, हे सर्वप्रथम जाणून घ्यायचे असते. त्याचे उत्तर तक्त्यापेक्षा नकाशावर लवकर सापडते. मात्र मोबाइलच्या छोट्या पडद्यावर शोधपेटी, रंगसूची आणि इशारे ठेवण्यास वेगळी जागा नसते. ते नकाशावरच मांडावे लागतात. हे काम सीएसएस ही संकेतस्थळाचे रूप ठरवणारी भाषा करते.

पार्श्वभूमी

सीएसएसची कल्पना हॉकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. सरकवता येणारे नकाशे २००५ मध्ये आलेल्या गूगल मॅप्समुळे सर्वपरिचित झाले. ‘लीफलेट’ हे मुक्त साधन वोलोदिमिर अगाफोंकिन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशांसह त्याचा वापर जगभर होतो.

रचनेचे तत्त्व

नकाशा आणि फलक हे दोन्ही एकाच चौकटीत ठेवले जातात. चौकटीला ‘पोझिशन : रिलेटिव्ह’ आणि फलकाला ‘पोझिशन : अ‍ॅब्सोल्यूट’ हे गुणधर्म दिले की फलक चौकटीच्या कडांपासून ठरवलेल्या अंतरावर स्थिर राहतो, त्याखालचा नकाशा सरकत राहतो. नकाशाच्या घटकाला उंची नेमून द्यावी लागते. ती न दिल्यास नकाशा दिसतच नाही.

थरांचा क्रम

कोणता थर वर दिसावा, हे ‘झेड-इंडेक्स’ ठरवतो. लीफलेटमध्ये नकाशाच्या मुख्य थराचा क्रमांक ४००, तर कोपऱ्यांतील बटणांचा १००० असतो. फलकाला क्रमांकच दिला नाही, तर तो नकाशाखाली दडतो. नकाशाच्या घटकाला ‘आयसोलेशन : आयसोलेट’ हा गुणधर्म दिल्यास त्याचे सर्व क्रमांक त्याच्यापुरतेच मर्यादित राहतात. मग फलकाला १ हा क्रमांकही पुरतो.

स्पर्शाचा अडथळा

अनेक फलक एकत्र बांधणारे पारदर्शक आवरण पूर्ण पडद्यावर पसरले, तर नकाशा दिसतो, पण हलत नाही. प्रत्येक स्पर्श आवरणच अडवते. त्यासाठी आवरणाला ‘पॉइंटर-इव्हेंट्स : नन’ आणि आतील फलकांना ‘ऑटो’ हे मूल्य दिले जाते. त्यामुळे मोकळ्या जागेवरील स्पर्श नकाशापर्यंत पोहोचतो आणि फलकावरील बटणेही चालतात.

काय झाकू नये

अरुंद पडद्यावर ‘मीडिया क्वेरी’च्या साहाय्याने फलक तळाशी आणता येतो. मात्र लीफलेटमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात नकाशाचा श्रेयनिर्देश असतो. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरताना तो देणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. त्यामुळे फलकाने तो झाकू नये. फलकाच्या बदलामुळे नकाशाच्या घटकाचा आकार बदलला, तर लीफलेटला ‘इनव्हॅलिडेट-साइझ’ या आज्ञेने तसे कळवावे लागते, अन्यथा नकाशाचा काही भाग करडा राहू शकतो.

पावसात अडकलेल्या प्रवाशाला पुढचा चौक दिसायला हवा. इशारा देणाऱ्या फलकानेच तो चौक झाकला, तर त्या इशाऱ्याचा उपयोग राहत नाही. म्हणूनच फलक लहान असावा, तो बंद करण्याचे बटण ठळक असावे आणि वापरकर्त्याचे स्वतःचे ठिकाण नेहमी मोकळे राहावे.