शबकिया ते दृष्टिपटल : डोळ्यातील जाळ्याचा इतिहास आणि सुरतेचे आजचे वास्तव

उर्दूत ज्याला 'शबकिया' म्हणतात त्यालाच मराठीत 'दृष्टिपटल' म्हणतात. 'शबका' म्हणजे जाळे. ग्रीक वैद्य गॅलेनने डोळ्याच्या आतील या पडद्याला जाळ्याची उपमा दिली होती. नवव्या शतकात बगदादचे हुनैन इब्न इसहाक (मृत्यू ८७३) यांनी नेत्रविषयक ग्रीक ज्ञान अरबीत आणले. पुढे लॅटिन भाषांतरकारांनी 'शबकिया'साठी जाळे या अर्थाच्या 'रेते' शब्दाचा आधार घेतला आणि त्यातून आजचा 'रेटिना' रूढ झाला. एका शब्दाचा हा प्रवास म्हणजे ज्ञानाच्या देवाणघेवाणीचा इतिहासच होय.

अली इब्न ईसा यांचा 'तज़किरतुल कह्हालीन' हा ग्रंथ शतकानुशतके नेत्रवैद्यांच्या हाती होता. इब्न अल-हैसम (९६५–सुमारे १०४०) यांनी 'किताबुल मनाज़िर'मध्ये डोळ्यातून किरण बाहेर पडतात ही जुनी कल्पना खोडून काढली व प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, असे प्रतिपादन केले. मात्र दृष्टीचे मुख्य स्थान त्यांनी नेत्रभिंगातच मानले. प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे केपलरने १६०४ मध्ये सिद्धांतरूपाने मांडले. जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये तयार केले. तोपर्यंत वैद्याला या पडद्याचे आजार दिसत नव्हते. मग उपचार तरी कसा होणार?

सुरत हे या ज्ञानाच्या वाटेवरचे बंदर. हजयात्रेकरू येथूनच जहाजात बसत. त्यांच्या सोयीसाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघलसराई आज सुरत महानगरपालिकेची मुख्य इमारत आहे. चष्म्याच्या भारतातील आगमनाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी घेतला होता. खुद्द 'चष्मा' हा शब्दही फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरूनच आला आहे.

आजची सुरत हिरे, जरी आणि यंत्रमाग यांची नगरी आहे. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. येथील पुष्कळ घरांची चूल डोळ्यांच्या कामावर पेटते. बारीक कामाने डोळे थकतात. परंतु केवळ त्यामुळे दृष्टिपटल खराब होते, हा समज बरोबर नाही. खरा धोका अन्यत्र आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातील वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पोखरते. त्या गळू लागतात, काही बंद पडतात, मग नव्या व कमकुवत वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. हे सारे वेदनेविना घडते. प्रारंभी नजरही स्वच्छ असते. म्हणूनच रुग्ण उशिरा येतो.

येथे दोन गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पहिला, चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले गेले. वास्तविक दृष्टिपटलाची नीट तपासणी करण्यासाठी सामान्यतः थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. दुसरा, नेत्रदानाने कोणताही अंध पाहू लागतो. सुरतेत नेत्रदानाचे कार्य चांगले आहे. पण दान केलेल्या डोळ्यातून उपयोगी पडते ते मुख्यतः पारपटल. गेलेले दृष्टिपटल बदलता येत नाही. लेसर, इंजेक्शन वा शस्त्रक्रिया यांनी बहुधा उरलेली नजर राखता येते, गमावलेली दर वेळी परत मिळतेच असे नाही.

म्हणून मधुमेह असलेल्याने नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा ही तपासणी करावी. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दृष्टिपटल सुटण्याची ती लक्षणे असू शकतात. जास्त नंबर असलेल्यांनी विशेष सावध राहावे.

या बाबतीत महाविद्यालयीन शिक्षकाचे स्थान महत्त्वाचे आहे. ज्या विद्यार्थ्याचे वडील मागावर किंवा घंटीवर बसतात, त्याच्यामार्फत ही माहिती घरच्या भाषेत पोहोचते. बगदादच्या भाषांतरकारांनी परक्या भाषेतील ज्ञान आपल्या लोकांच्या भाषेत आणले. तेच काम आज उर्दू, मराठी व गुजराती वर्गांतून व्हावयास हवे. त्यात उशीर झाला तर त्याची किंमत एखाद्या कारागिराची नजर आणि तिच्यावर चालणारे त्याचे घर चुकवते.