अंगमर्दकाची चिठ्ठी

जामनेरसारख्या गांवच्या तालमींत मल्ल आधीं मारुतीला वंदन करतो, मग लाल मातींत उतरतो. श्रद्धा व शरीरसाधना यांची अशीच सांगड ख्रिस्ती जगांतही दिसते. शरीर, मन व आत्मा हा त्रिकोण मिरविणारी वाय. एम. सी. ए. ही संस्था मुंबईंत १८७५ सालीं आली. तिचे हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासला शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ते हिंदी संघाबरोबर गेले.

त्याच स्पर्धांत स्कॉटलंडच्या एरिक लिडेल यांनीं रविवार उपासनेचा म्हणून शंभर मीटरची शर्यत सोडली. त्यांच्यावर टीका झाली. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या दिवशीं संघाच्या अंगमर्दकानें त्यांना एक चिठ्ठी दिली. देवाला मानणाऱ्याचा देव मान राखतो, अशा आशयाचें बायबलांतील वचन तींत होतें. पाय चोळणाऱ्यानें मनालाही आधार दिला. लिडेल ४७.६ सेकंदांत जिंकले.

पुढें ते चीनमध्यें मिशनरी झाले. १९४३ पासून ते वेइशिएन येथील जपानी छावणींत कैदेंत होते. तेथें मुलें रविवारीं खेळतांना भांडूं लागलीं, तेव्हां तेच लिडेल पंच म्हणून मैदानांत उभे राहिले. १९४५ सालीं त्याच छावणींत त्यांचा अंत झाला.