तारेची वाट

विजेचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे सांगणाराची दृष्टि साहजिकच दिव्याकडे जाते. फॅरेडेचें चुंबक, एडिसनचा दिवा, टेस्लाचें यंत्र यांच्या कथा शाळेंतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्या दिव्यापर्यंत वीज ज्या वाटेनें आली त्या वाटेची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. लोखंडी नळी, चिनीमातीची खुंटी, सागवानी पट्टी, तारांची जुडी बांधणारा दोरा, या वस्तु इतक्या क्षुद्र कीं त्यांस कांहीं इतिहास असावा याचेंच पुष्कळांस नवल वाटेल. तथापि वीज प्रयोगशाळेंतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून माजघरांत आली ती या वस्तूंच्या आधारानेंच. आणि त्यांपैकीं कित्येकांस आजचें रूप प्राप्त झालें तें कोणाच्या तरी हानीनंतर. म्हणून हा इतिहास थोडक्यांत पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं तारायंत्राची तार आरंभीं खांबावर चढविण्याचा विचार नव्हता. ती जमिनींत पुरण्याचा होता. १८३७ सालीं कुक व व्हीटस्टन या जोडीनें लंडनच्या यूस्टन स्थानकापासून कॅम्डन टाउनपर्यंत तारायंत्राचा प्रयोग केला, तेव्हां लाकडी पट्ट्यांस लांब खाचा पाडून त्यांत तारा बसविल्या होत्या. अमेरिकेंत वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार नेण्यासाठीं काँग्रेसनें १८४३ सालीं मोर्सला ३०,००० डॉलर दिले. त्यानेंही तारा शिशाच्या नळींत घालून पुरावयाचें ठरविलें. एझ्रा कॉर्नेल नांवाच्या उद्योगी गृहस्थानें, ज्याच्या नांवाचें विद्यापीठ पुढें प्रसिद्धीस आलें, जमीन चिरून त्याच दमांत नळी पुरणारा एक नांगर तयार केला. कांहीं मैल काम झाल्यावर कळून आलें, कीं तारांवरील आवरण निकामी आहे आणि प्रवाह वाटेंतच गळून जात आहे. ही नामुष्की वृत्तपत्रांच्या नजरेस येऊं नये म्हणून कॉर्नेलनें नांगर मुद्दाम खडकावर घालून मोडला, व त्या निमित्तानें काम थांबविलें. अखेर तारा खांबांवर चढविल्या गेल्या, आणि २४ मे १८४४ रोजीं त्यांवरून तो सुप्रसिद्ध पहिला संदेश गेला. खांब आले ते अशा रीतीनें नाइलाजाची सोय म्हणून. पण स्वस्त सोयीची संवय जडावयास वेळ लागत नाहीं.

आपल्या देशांत हाच प्रश्न डॉ. विल्यम ओशॉनेसी यांस पडला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या या विद्वानानें १८५०-५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार उभारली. तिच्या जमिनीखालील भागासाठीं त्यानें येथल्या बाजारांतील वस्तु कामास लावल्या. लोखंडी सळईवर डांबरांत भिजविलेलें मद्रासी कापड गुंडाळलें. ती सळई घरावर घालतात त्या कौलांच्या ओळींत निजविली. आणि वाळू व राळ यांच्या वितळलेल्या मिश्रणानें तीं कौलें भरलीं. मोठमोठ्या कारखान्यांत आज तारा लोखंडी पन्हळींतून नेतात. तिचें हें कौलारू पूर्वरूपच म्हणावयाचें! पुढें कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास या शहरांस जोडणाऱ्या लांबच लांब तारा मात्र खर्चाच्या दृष्टीनें बहुतेक खांबांवरूनच गेल्या.

तारायंत्राचा प्रवाह क्षीण असे. तार तुटली तर निरोप खोळंबे, पण मनुष्य मरत नसे. १८८० च्या सुमारास मोठ्या शहरांच्या रस्त्यांत आर्क दिवे आले, आणि त्यांसाठीं हजारों व्होल्ट दाबाची वीज त्याच रस्त्यांवरून, तारायंत्र व टेलिफोन यांच्या तारांच्या शेजारूनच धांवूं लागली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारांचें असें जाळें झालें, कीं त्या काळच्या छायाचित्रांत आकाशावर रेघा मारल्यासारखें दिसतें. १८८४ सालीं तेथील विधिमंडळानें कायदा करून मोठ्या शहरांतील तारा १ नोव्हेंबर १८८५ पूर्वीं जमिनीखालीं न्याव्या असें फर्माविलें. कंपन्यांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. मार्च १८८८ च्या भयंकर हिमवादळानें शेंकडों खांब व त्यांवरील तारा रस्त्यावर आणल्या. तरीही कंपन्यांची चालढकल चालूच राहिली.

११ ऑक्टोबर १८८९ रोजीं दुपारीं जॉन फीक्स नांवाचा एक तारकामगार सिटी हॉलजवळच्या खांबावर निकामी तारा काढण्यासाठीं चढला. त्यानें हात घातला त्या तारा तारायंत्राच्या, म्हणजे निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या होत्या. परंतु त्यांतील एक दूर कोठें तरी आर्क दिव्याच्या तारेस चिकटली होती. जेवणाच्या सुट्टींत बाहेर पडलेल्या हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत तो त्या जाळ्यांतच गतप्राण झाला, आणि त्याचें प्रेत खालीं उतरवीपर्यंत बराच वेळ तेथेंच लोंबकळत राहिलें. लोकांनीं त्याच्या विधवेसाठीं वर्गणी गोळा केली. महापौर ह्यू ग्रँट यांनीं धोक्याच्या तारा तोडण्याचा हुकूम दिला. कंपन्यांनीं कोर्टाकडून त्यास मनाई आणली. ती मनाई डिसेंबरांत उठली, आणि मग शहराच्या नोकरांनीं कुऱ्हाडी घेऊन खांब पाडले. जें काम कायद्याच्या शाईनें पांच वर्षांत झालें नव्हतें तें एका मजुराच्या मरणानें आठवड्यांत सुरू झालें.

यांत विशेष खेदाची गोष्ट ही, कीं दुसरा मार्ग त्याच शहरांत डोळ्यांसमोर होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजीं एडिसननें पर्ल स्ट्रीट येथील वीजघर सुरू केलें, तें सर्व तारा जमिनीखालून नेऊन. जॉन क्रूझी या त्याच्या कुशल कारागिरानें वीस वीस फूट लांबीच्या लोखंडी नळ्या तयार करविल्या. प्रत्येकींत तांब्याच्या सळया दोरी गुंडाळून अलग ठेवीत व आंत डांबरासारख्या मिश्रणाचा गरम रस ओतीत. आणि दोन नळ्यांच्या सांध्यावर ओतीव लोखंडाची पेटी बसवीत. ही योजना निर्दोष होती असें नाहीं. एका चौकांत प्रवाह जमिनींत गळून घोडे एकाएकीं उधळूं लागले, ही हकीकत स्वतः एडिसननेंच सांगितली आहे. परंतु दोष सांपडला तो सांध्यांत. आणि सांधा पेटींत असल्यामुळें दुरुस्तीही करतां आली. तारेस कवच असावें आणि तिच्यापर्यंत पोंचतांही यावें, हे दोन धडे या नळीनें दिले.

तार घरांत शिरली तेव्हां हेच धडे पुन्हा शिकावे लागले. आरंभीं तारा सरळ भिंतीस खिळवीत. त्यांवर सुताचें वेष्टण व वर सफेद्याचा रंग एवढेंच काय तें आवरण असे. विमेवाल्यांनीं, म्हणजे अमेरिकेंतील ‘अंडररायटर’ मंडळींनीं, ही तार मान्य केली होती. पण कामगारांनीं तिला ‘अंडरटेकरची’, म्हणजे प्रेतें पोंचविणाराची तार, असें नांव ठेवलें. आगींचें भय इतकें वाढलें, कीं १८८२ सालींच लंडनच्या तारायंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेनें विजेच्या दिव्यांपासून होणाऱ्या आगी टाळण्याचे नियम छापले. अमेरिकेंत तारा चिनीमातीच्या खुंट्यांवरून व नळ्यांतून ओवून एकमेकींपासून दूर ठेवूं लागले. विलायतेंत व हिंदुस्थानांत लाकडी केसिंग-कॅपिंगची पद्धत रूढ झाली. दोन खाचांची सागवानी पट्टी भिंतीवर, प्रत्येक खाचेंत एक तार, आणि वर झांकणाची पट्टी. मुंबईंत १८८२ सालीं क्रॉफर्ड मार्केटमध्यें विजेचे दिवे लागले व तो उद्योग लौकरच बुडाला. परंतु १९०५ सालीं स्थापन झालेल्या वीज व ट्रामच्या कंपनीनंतर मध्यम वर्गाच्या घरांत वीज येऊं लागली, ती अशा पट्ट्यांतून. जुन्या इमारतींत ती सागवानी रेघ क्वचित् अजूनही दिसते. दिसण्यांत ती सुबक खरी. परंतु आमच्या पावसाळ्यांत लांकूड ओल धरी, आणि झांकणावर ठोकलेला एखादा खिळा आंतील तारेंतच शिरे.

यावर उपाय निघाला तो नळीचा. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें डांबरी कागदाच्या नळ्या प्रचारांत आणल्या. पुढें त्यांवर पितळी पत्रा आला, आणि शेवटीं लोखंडी नळी सर्वमान्य झाली. यांतील खरी कल्पना नळीची नसून क्रमाची आहे. आधीं रिकामी नळी भिंतींत बसवावयाची, आणि घर पुरें झाल्यावर मग तींतून तार ओढावयाची. तार जीर्ण झाली तर भिंत न फोडतां ती काढून दुसरी घालतां येते. १८९७ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय वीजनियम सिद्ध झाले, तेव्हांपासून तारेची वाट हा कारागिराच्या मर्जीचा विषय राहिला नाहीं.

तारांची संख्या वाढली तशी त्यांची जुडी बांधण्याची विद्याही वाढली. टेलिफोनच्या कचेऱ्यांत व विमानांत मेण लावलेल्या दोऱ्यानें हजारों गांठी मारून तारा बांधीत. १९५६ सालीं मॉरस लोगन हा अभियंता बोइंगचा विमानकारखाना पाहण्यास गेला असतां, त्या दोऱ्यानें कामगारांचीं बोटें कापलीं जातात हें त्याच्या दृष्टीस पडलें. दोन वर्षांनीं, १९५८ त, त्यानें एका ओढीसरशीं घट्ट बसणाऱ्या पट्टीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. आज किराणा दुकानापासून उपग्रहापर्यंत दिसणारी प्लास्टिकची दांतेरी पट्टी ती हीच.

परंतु नीटनेटकेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हें २२ मार्च १९७५ रोजीं अमेरिकेंतील ब्राउन्स फेरी येथील अणुवीजकेंद्रांत दिसून आलें. तारा ज्या भोंकांतून भिंतीपलीकडे जात होत्या त्यांतून हवा गळते कीं काय, हें एक कामगार मेणबत्ती धरून पाहत होता. भोंक बुजविण्यास वापरलेल्या फेसासारख्या पदार्थानें पेट घेतला. सुमारें साडेसात तास आग धुमसली व १,६०० हून अधिक तारा निकामी झाल्या. अणुभट्ट्या अखेर सुखरूप बंद करतां आल्या. पण एक यंत्रणा बिघडल्यास दुसरी असावी म्हणून केलेली तरतूद बऱ्याच अंशीं व्यर्थ ठरली, कारण दोहोंच्या तारा एकाच वाटेनें नेल्या होत्या! कवच होतें, बांधणी होती, अंतर नव्हतें. पुढें १९८० सालीं तेथील अणुनियामक मंडळानें अशा तारा एकमेकींपासून अलग ठेवण्याचे कडक नियम केले.

कवच, अंतर आणि पोंचण्यास मार्ग, या तीन गोष्टींत सारें शास्त्र आलें. मुंबई शहरांत वीज जमिनीखालील केबलांतून घरोघर जाते. काशीच्या जुन्या वस्तींतील सुमारें १६ चौरस किलोमीटर भागांतल्या तारा २०१७ सालीं जमिनीखालीं गेल्या. परंतु आमच्या कितीतरी गांवांत एकाच खांबावर विजेच्या, दूरचित्रवाणीच्या व इंटरनेटच्या तारांचीं भेंडोळीं लोंबत असतात, आणि त्यांतील मेलेल्या तारा काढण्याची जबाबदारी कोणीच आपली मानीत नाहीं. कारण नव्या तारेपासून उत्पन्न मिळतें, मेलेल्या तारेपासून मिळत नाहीं. फीक्स चढला होता तोही मेलेल्या तारा काढण्यासाठींच. त्या भेंडोळ्यांत आज हात घालणारा वायरमन त्याचाच धंदेबंधु आहे. आणि १८८९ चा धडा त्याच्या जिवावर पुन्हा एकदां शिकण्याचें आपणांस कांहींएक कारण नाहीं.