रस्ते आणि वनकीटकांची विविधता

वनाधिवासातून वा त्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांमुळे तेथील कीटकांच्या जातींत व संख्येत होणारा बदल (पहा : परिस्थितिविज्ञान; कीटक वर्ग).

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय मुख्यतः राधानगरी अभयारण्याशी निगडित आहे. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी राखलेले हे क्षेत्र १९८५ मध्ये ३५१.१६ चौ. किमी. झाले. दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता याच वनातून जातो (पहा : सह्याद्री).

रस्त्यासाठी झाडे तोडल्यावर वृक्षांचे छत्र उघडते. ऊन व वारा आत शिरून कडेची जमीन कोरडी पडते. सावली व पालापाचोळ्यावर जगणारे भुंगेरे मागे हटतात, उघड्या जागी वाढणाऱ्या जाती शिरतात. त्यामुळे कडेला जातींची संख्या कधी वाढलेलीही दिसते. मात्र ही वाढ सर्वसामान्य जातींची असते. जमिनीवरून चालणारे काही भुंगेरे डांबरी पट्टा सहसा ओलांडत नाहीत, म्हणून त्यांचे समूह विभागले जातात. वाहनांची धडक, धूळ व पतंगांना ओढून घेणारे दिवे ही बदलाची इतर कारणे होत. याउलट, जिल्ह्यातीलच पुणे–बंगळूरु महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीसारख्या भागात सलग वन नाही. तेथे बांध व रस्त्याकडेची झाडे हाच कीटकांचा अधिवास ठरतो.

परागण, कुजण्याची क्रिया व पक्ष्यांचे अन्न कीटकांवर अवलंबून असल्याने त्यांच्यातील या बदलाला महत्त्व आहे (पहा : परागण). बदलाचा परिणाम अळ्यांच्या अन्नवनस्पतींनुसार वेगळा असतो : सदर्न बर्डविंग या फुलपाखराच्या अळ्या ईश्वरी या वनस्पतीच्या कुळातील वनस्पतींवरच वाढतात. याउलट, २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढत असल्याने ते बागांतही आढळते.