खाडीपलीकडचा वारसा : वसईचा कोट

मीरा रोडच्या पूनम सागर परिसरात राहणाऱ्या भाविकास ‘आपल्या शहरातील जुनी वास्तू कोणती?’ असे विचारले, तर तो बहुधा बुचकळ्यात पडेल. येथील बहुतेक इमारती गेल्या चाळीसेक वर्षांतल्या. तथापि पूर्वेस घोडबंदरचा किल्ला, पश्चिमेस चौक येथील धारावीचा किल्ला आणि उत्तरेस खाडीपलीकडे वसईचा कोट, असा पोर्तुगीज व मराठेशाहीचा इतिहास या वस्तीभोवती उभा आहे. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. त्या निमित्ताने कोट पाहावयास निघणाऱ्या धर्मग्रामीय मंडळांसाठी ही थोडी माहिती.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढील दोन शतके ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती. सुमारे ११० एकरांच्या तटबंदीत केवळ सैन्य नव्हते. तेथे रस्ते, वाडे, मठ आणि चर्चे असलेले एक शहर नांदत होते. संत योसेफाच्या मुख्य चर्चचा उंच मनोरा आजही दुरून ओळखू येतो. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात, १६०१ साली, या चर्चचा विस्तार झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चमध्ये फरशीत पोर्तुगीज मजकुराच्या थडग्यांच्या शिळा आहेत. आपण कोणाच्या समाधीवरून चालतो आहोत, याचे भान सहलीला आलेल्या मुलांना आवर्जून द्यावे. येशूसंघीयांच्या चर्चशी वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण जोडलेली आहे. ते ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले आणि १८६२ साली संतपदास पोहोचले.

वसईचा काळा दगड त्या काळी गोव्यापर्यंत जात असे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागातील कोरीव काम याच दगडात आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेने कोट जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक धर्मगुरूही गेले. कोटातील चर्चे ओस पडली, छपरे कोसळली, भिंतींत पिंपळ रुजले. रमेदी, सांडोर, पापडी येथील चर्चे मात्र आजही नांदती आहेत. तेथे लोक होते, आणि एतद्देशीय धर्मगुरूंनी ती धर्मग्रामे सांभाळली. आमच्या मते वारशाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे : तट जाडजूड असूनही आतील चर्चे पडली, वापर राहिला ती टिकली. घोडबंदरच्या टेकडीवरील पोर्तुगीज चर्चचा ब्रिटिश अमदानीत बंगला झाला. म्हणूनच ते उभे राहिले, असे म्हणता येईल.

कोटातील घंटांचेही तसेच झाले. विजयानंतर त्या देवळांतून गेल्या. नाशिकच्या पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे. भीमाशंकरी १७२९ सालची, तर वाईजवळ मेणवलीस घाटावर १७०७ सालची, मातामरिया व बाळ येशू यांची प्रतिमा असलेली घंटा आहे. आपल्यापैकी काहींना हे ऐकून खंत वाटते. पण वितळवून तोफांत ओतली असती, तर आज त्या घंटेवरील मातामरिया कोणी पाहिली असती?

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोट सर्वांचा आहे. मे महिन्यात तेथे वसई विजयाचा उत्सव होतो आणि ख्रिस्ती भाविक संत गोन्सालोंच्या स्मरणार्थ तेथे जमतात; तटाच्या आत नागेश्वराचे देऊळही आहे. पोर्तुगीज अमदानीत देवळे मोडली गेली, बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यातील शिवमंदिराचे चर्च झाले, हेही मुलांपासून लपवू नये. अर्धा इतिहास सांगणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा मुका मार्गदर्शक बरा!

कोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत त्यासाठी परवानगी लागते. मंडळांनी हौसेने चुना फासू नये, क्रूस उभारण्यासाठी सिमेंट वापरू नये, भिंतीतील झाडे स्वतः उपटू नयेत. मूळ ओढताना दगड निखळतो. कचरा उचलणे, लेखांचे छायाचित्रण करणे, वयोवृद्धांकडून ऐकलेल्या आठवणी लिहून ठेवणे, हे मात्र कोणालाही करता येते.

पूर्वी येथून कोटावर जायचे म्हणजे लोकलने खाडीपूल ओलांडून वसई रोडला उतरायचे आणि पुन्हा बस वा रिक्षा धरायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर–वसई रो-रो बोटसेवा सुरू झाली. तिचा वसईकडील धक्का कोटाच्या अगदी जवळ आहे. बोटीतून उतरून तटाच्या दिशेने चालू लागले की समुद्राकडील दरवाजा गाठता येतो.