मांजरेचे गोड पाणी आणि मचूळ पाणी

लातूर हे तुरीच्या डाळीचे गाव. इथल्या आडतीत पडलेली तूर कुठल्या कुठे जाते! पण २०१६ सालच्या चैत्रात माझ्याच घरी डाळ शिजेनाशी झाली. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत, तरी दाणा बोटाखाली टणकच. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम वाण्याला दोष दिला, मग कुकरला, आणि शेवटी घागरीतले पाणी जिभेवर घेऊन म्हणाल्या, “अहो, डाळ बिचारी काय करील? पाणीच मचूळ आहे.”

ते पाणी बोअरचे होते. पावसाचे पाणी खडकात जितके खोल आणि जितका काळ मुरून राहते, तितके त्यात क्षार उतरतात. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरतो आणि डाळ हट्टाला पेटते. नदीच्या पाण्यातही क्षार असतातच, पण थोडे. धरण आटू लागले म्हणजे ऊन पाणी तेवढे उचलून नेते आणि क्षार मागे ठेवते. तळाचे पाणी म्हणून बेचव लागते. आमचे धरण तर त्या वर्षी तळासकट गेले होते.

मी जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा डाळीवरून माझे मन नदीच्या इतिहासाकडे गेले, यात नवल नाही.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. लातूरच्या अंगाने पूर्वेला जाते, बीदरमध्ये शिरते, तेलंगणात उतरते. आणि मग, सासरी गेलेल्या लेकीला माहेरची आठवण व्हावी तशी, संगारेड्डीजवळ उत्तरेला वळून आमच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर परत येते. देगलूर, बिलोली तालुक्यांच्या कडेने वाहत कंदकुर्तीपाशी ती गोदावरीला मिळते. माझे आजोळ त्या बिलोलीकडचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नदीत डुंबू लागलो की आजोबा काठावरून म्हणत, “पोरा, ही तुझ्याच गावाकडून आलीय. तिथे घाण केलीस तर इथे तुझ्याच तोंडात येईल.”

या नदीवर पहिला मोठा सरकारी पैसा खर्च झाला तो निजामाचा. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग या इंजिनिअराच्या देखरेखीखाली निजामसागर बांधला गेला. त्या पाण्यावर निजामाबादकडे भात आणि ऊस पिकू लागला. १९३७ साली बोधनला साखर कारखाना निघाला. बोधन बिलोलीपासून फार दूर नाही, आजोळची मंडळी ती साखर चहात घालीत आणि वर म्हणत, “पाणी आपल्या नदीचे, गोडी त्यांच्या शेतात.” तक्रार अगदीच खोटी नव्हती. राज्य एकच, तिजोरी एकच; पण मराठवाड्याच्या वाट्याला त्या काळात असे धरण आले नाही.

पुढे १९४८ साली हैद्राबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली भाषावार वाटणी झाली, आणि एका घरची नदी तीन राज्यांची झाली. भावकीत वाटण्या झाल्या म्हणजे आडावरून जे होते तेच नद्यांवरून झाले. १९६९ साली गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा यायला १९८० साल उजाडले. मधल्या काळात, ६ ऑक्टोबर १९७५ रोजी, महाराष्ट्र आणि आंध्र यांनी आपसात करार केला. पैठण, सिद्धेश्वर आणि निजामसागर यांच्या खाली, पोचमपाडपर्यंत, महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांपर्यंत पाणी वापरावे असे ठरले. एवढे होऊनही धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे भांडण दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेच. बंधारा २.७४ अब्ज घनफुटांचा, आणि तो पोचमपाडच्या फुगवट्यातच उभा! २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची, आणि दर १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडायचे. नांदेडकडचे शेतकरी म्हणतात, पावसाळ्यात अडवायचे नाही तर अडवायचे कधी? खालचे म्हणतात, वरच्यांनी सारे अडवले तर आम्ही प्यायचे काय? मला दोघांचेही पटते, आणि तीच पंचाईत आहे.

आमच्या वरच्या अंगाचे धरण केज तालुक्यात धनेगावला. ते १९८० च्या सुमारास पुरे झाले. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब, इतकी गावे त्याच्यावर तहान भागवतात, आणि त्याच खोऱ्यात ऊसही उभा असतो. साखरेची गोडी आम्हालाही लागली. बोधनला नावे ठेवणारे आम्हीच!

असो. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला. दंगलीसाठी असलेला कायदा घागरींसाठी लागलेला मी प्रथमच पाहिला. मग ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. राजस्थानात कोट्याला वाफेने धुतलेल्या १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी ती लातूरला पोचली. पुढे ५० वाघिणींनी एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. मे महिन्यात रेल्वेने सुमारे ४ कोटींचे बिल पाठवल्याची बातमी आली: ६ कोटी २० लाख लिटरांचे. मी पाटीवर भागाकार केला, लिटरला साधारण दहा आणे पडले. निजामसागराचा खर्च एकदाच झाला आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या मिळाले. हा खर्च संध्याकाळपर्यंत पिऊन संपत होता. तरी ते कृष्णेचे पाणी घरी आले त्या दिवशी डाळ लोण्यासारखी शिजली, हेही सांगितले पाहिजे. सौभाग्यवतींनी त्या दिवशी वरण कोणालाही परत वाढले नाही. पाणी उद्यासाठी राखायचे होते.

पुढे सप्टेंबरात पाऊस कोसळला. कोरडे ठाक धरण भरले, दारे उघडावी लागली. थोड्या दिवसांनी बिलोलीहून माझ्या मामेभावाचा फोन आला.

“दादा, नदी दुथडी चाललीय. तुमच्याकडचं पाणी आलं बरं का!”

मी म्हटले, “वाटेत बीदर आहे, सिंगूर आहे, निजामसागर आहे. माझ्याकडचं कुठलं ते तू कसं ओळखलंस?”

तो हसला आणि म्हणाला, “ते राहू द्या. वहिनींना विचारा, डाळ शिजते का?”