मुंबईची हवा आणि रोशेलचे मीठ

गणेशोत्सव आला की भाद्रपदातला पाऊसही मंडपाला येतो, हे मुंबईकरांना सांगायला नको. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा सारे गळ्यावरच भागत असे. पुढे वीज आली, कर्णा आला, विजेवर वाजणारी तबकडी आली. आणि तिच्याबरोबर एक नवे दुखणे आले. काल खणखणीत वाजलेली तबकडी आज कण्हू लागे. आम्ही पोरे पिन बदलून पाहत असू. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर मात्र पिक-अप हातात घेताच म्हणे, "क्रिस्टल गेला." तो का गेला, हे आम्हांला फार उशिरा कळले.

बांबू उभा सहज चिरतो, आडवा चिरत नाही. काही स्फटिकांचे विजेच्या बाबतीत असेच आहे. योग्य दिशेने कापलेली चकती दाबली, तर तिच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युत्भार प्रकट होतात. दिशा चुकली तर काहीच हाती लागत नाही. १८८० साली पॅरिसमध्ये जाक व पिएर क्यूरी या भावांनी हे दाखवून दिले. क्वार्ट्झ, रोशेलचे मीठ, इतकेच काय, उसाची साखरही त्यांनी तपासली. यांत रोशेलचे मीठ फार हळवे. सतराव्या शतकात ला रोशेल गावच्या सेन्येत नावाच्या औषधविक्याने ते रेचक म्हणून काढले होते. जुलाबाचे औषध पुढे गाऊ लागले!

तबकडीच्या खाचेत पिन थरथरते, तिच्यामुळे या मिठाची पट्टी किंचित वाकते, आणि त्या वाकण्यातून उठणारी वीज कर्ण्यापर्यंत पोचते. पण या मिठाच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. हवा फार कोरडी झाली तर ते उडते, फार दमट झाली तर स्फटिकच पाघळतो. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे विद्युत्गुण झपाट्याने बदलतात आणि ५५ अंशांना तो विरघळून मोडतो. आता परळ-लालबागच्या मंडपातली सप्टेंबरची हवा आठवावी. बिचाऱ्या स्फटिकाने टिकावे तरी कसे? पॅरिसच्या प्रयोगशाळेत आणि आमच्या चाळीत अंतर होते ते हवेचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया व जपान येथे बेरियम टायटॅनेटचे गुण स्वतंत्रपणे लक्षात आले. ही भट्टीत भाजलेली वस्तू; तिच्यातले असंख्य कण वाटेल त्या दिशांना तोंड करून बसलेले, म्हणून दाबली तरी एकंदरीत मुकी. तिला प्रबळ विद्युत्क्षेत्रात धरले, की कणांचा कल एकीकडे वळतो. निसर्गाने स्फटिकाला दिलेली दिशा येथे माणसाने मातीला दिली, आणि आमच्या मते या इतिहासातली खरी मोठी पायरी हीच. हा गुण सुमारे १२० अंशांपर्यंत टिकतो. दमट हवेला तर ही वस्तू भीकच घालत नाही.

नवे सिरॅमिक पिक-अप आले तेव्हा चाळीतली जुनी मंडळी म्हणत, "पहिल्याचा आवाज मोठा होता." त्यांचे खरेच होते. सिरॅमिकची वीज कमी भरते. बटण थोडे अधिक पिळावे लागे.